एका रेणूत अनेक औषधे : अल्झायमरवरील बहुलक्ष्यी संयुगे रुग्णापर्यंत का पोहोचत नाहीत?

मुक्तछंद

माझ्या वडिलांना अल्झायमर असल्याचे निदान होऊन चार वर्षे झाली. ते रात्री डोनेपेझिल आणि दिवसातून दोनदा मेमॅन्टिन घेतात. 'घेतात' हा शब्द मी सोयीसाठी वापरला आहे, कारण मागच्या आठवड्यात उशीचा अभ्रा बदलताना त्यात मेमॅन्टिनच्या सहा गोळ्या सापडल्या.

त्या दिवसापासून मी 'बहुलक्ष्यी' म्हटल्या जाणाऱ्या संयुगांविषयी वाचतो आहे. कल्पना मोहक आहे. एकच रेणू असिटिलकोलीन हा चेतापेशींमधला संदेशवाहक तोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतो, मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या गुठळ्या होऊ देत नाही आणि चेतापेशींची ऑक्सिडीकरणाने होणारी हानीही रोखतो. असे रेणू तयार केल्याचे शोधनिबंध वीस वर्षांहून अधिक काळ येत आहेत, आणि त्यांतल्या जवळपास प्रत्येकाचा शेवट 'आशादायक' या शब्दाने होतो. मग अशा पद्धतीने मुद्दाम घडवलेले एकही संयुग अल्झायमरचे औषध म्हणून मान्यता का मिळवू शकले नाही? दोन गोळ्यांनी दोन कामे होत असतील, तर ती एका रेणूत कोंबण्यात नेमका लाभ काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चष्मा_हरवला

एका दगडात दोन पक्षी मारायला कोणाची हरकत नाही, पण इथे तो दगड आधी मेंदूच्या दारावरच्या पहारेकऱ्याने आत सोडायला हवा.

रेणूवेडा

चष्मा_हरवला यांनी विनोदात जे सांगितले तेच पुढे मला आकड्यांत सांगायचे आहे, पण सुरुवात थोडी मागून करतो.

असिटिलकोलिनएस्टरेज या विकराची त्रिमित रचना १९९१ साली जोएल सुसमन आणि इस्राएल सिलमन यांच्या गटाने उलगडली, तीही विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशातील विकरावरून. त्यात सुमारे २० अँगस्ट्रॉम खोलीची एक अरुंद घळ आहे. असिटिलकोलीन तुटते ते घळीच्या तळाशी, आणि घळीच्या तोंडाशी रेणू चिकटण्याची आणखी एक जागा आहे. १९९६ साली असे दिसले की हे विकर अमायलॉइड बीटाच्या तंतूंची जुळणी वेगाने घडवून आणते, आणि पुढे त्यात तोंडाजवळच्या या जागेचा हात असल्याचे मानले गेले. रसायनतज्ज्ञांना हे आयते आमंत्रण होते : तळाशी एक तुकडा, तोंडाशी दुसरा आणि मध्ये कार्बनची साखळी. टॅक्रिन या अल्झायमरवरच्या जुन्या औषधाचे दोन रेणू सात कार्बनच्या साखळीने जोडलेले संयुग त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि विकर अडवण्यात ते मूळ टॅक्रिनपेक्षा कित्येक पटींनी सरस ठरले.

गंमत अशी की आपल्या ओळखीचे डोनेपेझिलही त्या घळीत तळापासून तोंडापर्यंत बसते, हे नंतर स्फटिकरचनेतून दिसले. त्यामुळे 'दोन्ही जागा व्यापणारे औषध' ही गोष्ट नवी नाही. ते औषध आपण वापरतोच आहोत, आणि त्याने आजार थांबत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे.

'बहुलक्ष्यी' हे धोरण म्हणून ठळकपणे मांडले गेले ते २००८ च्या सुमारास, आणि त्यात इटलीतील बोलोन्या विद्यापीठातील गटाचा मोठा वाटा होता. त्यांचा मेमोक्विन हा रेणू तीन-चार कामे एकत्र करीत असे. प्रयोगशाळेत त्याने छाप पाडली, पण रुग्णांसाठीचे औषध तो झाला नाही.

आता पहारेकऱ्याविषयी, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यातील अडथळ्याविषयी. टॅक्रिनचा रेणूभार १९८ आहे, मेमॅन्टिनचा १७९ आणि डोनेपेझिलचा ३७९. टॅक्रिनच्या त्या जोडरेणूचा भार जवळपास ४९३ भरतो. तोंडावाटे घेण्याच्या औषधाचा रेणूभार ५०० च्या आत असावा, असा एक ढोबळ नियम ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी १९९७ साली मांडला, आणि मेंदूत जाणारी औषधे सहसा त्याहूनही लहान असतात. दोन औषधे साखळीने जोडली की नवा रेणू या मर्यादेला टेकतो किंवा ती ओलांडतो. तो आत गेलाच तरी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले प्रथिनांचे पंप त्याला पुन्हा बाहेर फेकतात. म्हणून जाणते रसायनतज्ज्ञ साखळीने जोडण्यापेक्षा दोन रेणूंमध्ये सामाईक असलेला भाग शोधून त्यांना एकमेकांत मिसळवण्याचा प्रयत्न करतात. ते काम फार अवघड आहे आणि बहुतेक निबंध त्या वाटेला जात नाहीत.

ऋतुजा_म

रेणूवेडा यांचे विवेचन आवडले, पण सूर जरा जास्तच निराशेचा वाटला. मी चेताविज्ञानाच्या बाजूने लिहिते.

हा आजार एकाच धाग्याचा नाही. अमायलॉइडचे थर, टाऊ प्रथिनाचे गुंते, दाह, चेतापेशींच्या जोडण्यांचा नाश आणि लहान रक्तवाहिन्यांची हानी हे सारे एकात एक गुंतलेले असते, आणि मृत्यूनंतर तपासलेल्या वयस्कर मेंदूंमध्ये तर अनेकदा दोन-तीन विकृती एकत्र आढळतात. एकच धागा ओढून पाहण्याचे प्रयत्न कसे फसले, याची यादी लांबलचक आहे. गॅमा-सिक्रिटेज रोखणाऱ्या सेमागॅसेस्टॅटची चाचणी २०१० साली थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची स्थिती औषध न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बिघडली. हे विकर अमायलॉइडचे पूर्वप्रथिन कापते, तसेच पेशींच्या वाढीला आवश्यक असलेले नॉच हे प्रथिनही कापते. तेच पूर्वप्रथिन कापणारे दुसरे विकर, बीटा-सिक्रिटेज, रोखणाऱ्या व्हेरुबेसेस्टॅटचीही पुढे तीच गत झाली. एखादे लक्ष्य शंभर टक्के दाबण्यापेक्षा तीन लक्ष्ये थोडी-थोडी दाबावीत, हा विचार त्यामुळे मला तर्कदुष्ट वाटत नाही.

शिवाय अनेक लक्ष्यांवर चालणारी औषधे मेंदूच्या उपचारात नवी नाहीत. मनोविकारांवरची कित्येक औषधे एकाच वेळी पेशींवरच्या अनेक ग्राहींना (रिसेप्टरांना) चिकटतात. अल्झायमरमधील अस्वस्थता आणि आक्रमकतेसाठी २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ब्रेक्सपिप्राझोल त्यांपैकीच एक आहे. अल्झायमरवरचेच रिव्हास्टिग्मिनही असिटिलकोलिनएस्टरेज आणि ब्युटिरिलकोलिनएस्टरेज अशी दोन विकरे अडवते.

रेणूवेडा

ऋतुजाताई, तुमच्या दोन्ही उदाहरणांत एक समान गोष्ट आहे, ती पाहा. रिव्हास्टिग्मिनची दोन्ही लक्ष्ये भावंडे आहेत. ती एकाच कुळातील विकरे आहेत आणि एकच रासायनिक गट दोघांना पुरतो. ब्रेक्सपिप्राझोलचे ग्राहीही एका मोठ्या कुटुंबातले आहेत. तिथे एका मात्रेत सारी लक्ष्ये सारख्या प्रमाणात व्यापली जातात.

अल्झायमरसाठी रचलेल्या संकरित रेणूंमध्ये मात्र एक लक्ष्य विकर असते आणि दुसरे म्हणजे गुठळी होण्याची प्रक्रिया. समजा, एखादे संयुग १० नॅनोमोलर तीव्रतेला विकर निम्मे अडवते आणि १० मायक्रोमोलर तीव्रतेला गुठळ्या निम्म्यावर आणते. निबंधाच्या तक्त्यात हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले जातात आणि दोन्ही '१०' दिसतात, पण त्यांच्यात हजार पटींचे अंतर आहे. विकरासाठी योग्य मात्रा दिली तर गुठळ्यांना त्या औषधाचा पत्ताही लागणार नाही. गुठळ्यांसाठी मात्रा वाढवली तर विकर पूर्ण बंद पडेल आणि रुग्णाला उलट्या, जुलाब आणि हृदयाचे ठोके मंदावणे यांना तोंड द्यावे लागेल.

दोन वेगळ्या गोळ्यांत डॉक्टर एकीची मात्रा वाढवू शकतात आणि दुसरीची कमी करू शकतात. एका रेणूत ते प्रमाण कायमचे गोठते. माझा या क्षेत्रावरचा मुख्य आक्षेप हाच आहे. रेणू किती लक्ष्यांवर चालतो यापेक्षा, तो सगळ्यांवर एकाच मात्रेत चालतो का, हे आधी विचारायला हवे.

बारा_गोळ्या

मी रसायनतज्ज्ञ नाही, पण औषधनिर्माता म्हणून रोज वयस्कर रुग्णांच्या चिठ्ठ्या पाहते. विषयाला थोडा फाटा फुटेल, त्याबद्दल क्षमस्व.

नव्या रेणूची वाट पाहण्याआधी आहे त्या औषधांचे बहुलक्ष्यी गोंधळ निस्तरायला हवेत. एक नमुना मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. रुग्णाला डोनेपेझिल सुरू होते. त्याने असिटिलकोलीन वाढते, आणि ते मूत्राशयातही वाढते, त्यामुळे काहींना लघवीवर ताबा राहत नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांकडून त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन लिहून दिले जाते, आणि त्याचे काम नेमके असिटिलकोलीनचा परिणाम रोखण्याचे असते. म्हणजे एक गोळी तोच संदेशवाहक वाढवते आणि दुसरी त्याचीच वाट अडवते. अशा एका रुग्णाची चिठ्ठी घेऊन मी लिहून देणाऱ्यांना दूरध्वनी केला, तेव्हा मला 'दोन्ही चालू ठेवा' इतकेच उत्तर मिळाले होते. तीन महिन्यांनी दुसरी गोळी बंद झाली, पण तोवर घरच्यांनी 'आजार वाढला' असे गृहीत धरले होते. झोपेसाठी आणि सर्दीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या काही जुन्या ॲलर्जीरोधक गोळ्यांचाही हाच दोष आहे.

मुक्तछंद, उशीतल्या गोळ्यांविषयी : रिव्हास्टिग्मिन त्वचेवर लावायच्या पट्टीच्या रूपातही मिळते, डोनेपेझिलची जिभेवर विरघळणारी गोळी असते आणि मेमॅन्टिनचे द्रावणही असते. पट्टी पाठीवर लावली तर सहसा रुग्णाचा हात तिथे पोहोचत नाही. बदल करायचा की नाही, हे मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवा आणि वडिलांच्या बाकीच्या सगळ्या गोळ्या एकदा त्यांच्यासमोर मांडा.

कडू_काढा

एवढी खटपट कशासाठी? कुर्क्युमिन आहे की! ते अमायलॉइडवर चालते, दाहावर चालते, ऑक्सिडीकरणावर चालते आणि धातूंनाही बांधते. निसर्गाने बहुलक्ष्यी रेणू आधीच करून ठेवला आहे.

प्रयोगवही

कडू_काढा, मी याच चाचण्या हातांनी केल्या आहेत, म्हणून मला हे लिहिणे भाग आहे.

विकराच्या चाचणीला एलमन पद्धत म्हणतात आणि ती १९६१ पासून वापरात आहे. ९६ खळग्यांच्या पट्टीत विकर, एक गंधकयुक्त द्रव्य आणि एलमनचे अभिकर्मक घालायचे. विकर काम करू लागले की खळगा पिवळा होतो, आणि तो पिवळेपणा ४१२ नॅनोमीटरवर मोजायचा. औषधाने विकर अडवले की खळगा फिका राहतो. आता तुमचे संयुगच मुळात गडद पिवळे असेल, तर काय मोजले जाईल? गुठळ्यांच्या चाचणीत थायोफ्लॅव्हिन टी हे रंगद्रव्य तंतूंना चिकटून चमकते आणि तंतू कमी असतील तर चमक कमी होते. पण जे संयुग स्वतःच प्रकाश शोषते किंवा स्वतःच चमकते, ते तंतूंना हातही न लावता हा आकडा बिघडवू शकते. कुर्क्युमिन या दोन्ही गटांत मोडते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, शरीरात पटकन मोडते आणि रक्तात अत्यल्प प्रमाणात पोहोचते. २०१७ साली औषधरसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात त्याच्यावर सविस्तर परीक्षण आले होते, आणि अनेक चाचण्यांत खोटे यश दाखवणाऱ्या रेणूंचे ते ठळक उदाहरण मानले जाते. अनेक चाचण्यांत उत्तीर्ण होणारा रेणू बहुलक्ष्यी असू शकतो, तसाच तो अनेक चाचण्यांना फसवणाराही असू शकतो.

माझी स्वतःची चूकही सांगते. माझ्या पहिल्या मालिकेतील सर्वांत 'प्रभावी' संयुग द्रावणात गढूळ होत असे. ते मला तीन आठवड्यांनी, खळगा उजेडासमोर धरल्यावर दिसले. विकर अडले होते ते संयुगाच्या सूक्ष्म गोळ्यांना चिकटून. साबणासारखे एक द्रव्य थेंबभर घातले आणि सारा परिणाम नाहीसा झाला.

प्राण्यांवरील चाचणीविषयीही एक शंका आहे. बहुतेक निबंधांत उंदराला स्कोपोलामिन देऊन त्याची स्मृती बिघडवतात आणि मग नवे संयुग देऊन तो चक्रव्यूहात वाट शोधतो का, हे पाहतात. स्कोपोलामिन असिटिलकोलीनचे ग्राही अडवते. त्यामुळे विकर अडवणारे कोणतेही औषध ती स्मृती काही अंशी सुधारणारच. या चाचणीत संकरित रेणूचा फक्त डोनेपेझिलसारखा अर्धा भाग तपासला जातो. दुसऱ्या अर्ध्याने काही केले की तो नुसता शेपटीसारखा लटकत होता, हे कळायला मार्ग नसतो.

चष्मा_हरवला

म्हणजे उंदीर उत्तीर्ण झाला, पण प्रश्नपत्रिकाच फुटलेली होती.

कडू_काढा

प्रयोगवही, रंगाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. माझे विधान मी मागे घेत नाही, पण त्यातले उद्गारचिन्ह मात्र काढून टाकतो.

संख्या_सांगाती

रुग्णांवरील चाचण्यांचा अनुभव या चर्चेत यायला हवा. २००२ ते २०१२ या काळातील अल्झायमरच्या ४१३ चाचण्यांचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात २४४ संयुगे होती आणि अपयशाचे प्रमाण ९९.६ टक्के निघाले. त्यामुळे बहुलक्ष्यी संयुगे फसली म्हणून केवळ त्यांनाच दोष देणे अन्यायाचे होईल, कारण एकलक्ष्यी संयुगेही त्याच खड्ड्यात पडली आहेत.

तरीही लॅट्रेपिर्डिनची कथा विसरू नये. रशियात पूर्वी ॲलर्जीवर वापरल्या गेलेल्या या औषधाचे गुण खरोखर बहुलक्ष्यी होते. १८३ रुग्णांवरील दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली आले तेव्हा सगळीकडे आनंदाची लाट होती. २०१० साली तिसऱ्या टप्प्याच्या मोठ्या चाचणीत औषध आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. सर्वांत बोचणारी गोष्ट पुढची आहे. ते का फसले, हे कोणालाच ठामपणे सांगता आले नाही, कारण ते कोणत्या लक्ष्यामुळे चालायला हवे होते यावरच एकमत नव्हते. सेमागॅसेस्टॅट फसले तेव्हा आपण काहीतरी शिकलो. लॅट्रेपिर्डिन फसले तेव्हा हाती काही लागले नाही.

तुलनेसाठी सांगतो. एकाच लक्ष्यावर नेम धरणाऱ्या लेकॅनेमॅब या प्रतिपिंडाला २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. १,७९५ जणांवरील १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हास २७ टक्के मंदावला, पण १८ गुणांच्या मापनपट्टीवर तो फरक ०.४५ गुणांचा होता. काहींच्या मेंदूत सूज आणि सूक्ष्म रक्तस्राव दिसले. हे यश आहे, आणि एकट्या लक्ष्याची मर्यादाही त्यातच दिसते.

ऋतुजा_म

संख्या_सांगाती यांच्या शेवटच्या वाक्यावर मी माझा मूळ मुद्दा पुन्हा उभा करणार होते, पण रेणूवेडा यांनी मांडलेला गोठलेल्या प्रमाणाचा आक्षेप मनात घोळत राहिला आणि मला त्याची दुसरी बाजू दिसली. प्रमाणाप्रमाणेच वेळही गोठते.

अमायलॉइड साचायला लक्षणांच्या १५ ते २० वर्षे आधी सुरुवात होते. असिटिलकोलीनची उणीव भरून काढण्याचा लाभ दिसतो तो लक्षणे आल्यावर. मग या दोन्ही गोष्टी करणारा रेणू नेमका कोणाला द्यायचा? लक्षणे नसलेल्या पन्नाशीच्या माणसाला दिला तर त्याला विकर अडवण्याचे दुष्परिणाम कारण नसताना सोसावे लागतील, आणि सत्तरीच्या रुग्णाला दिला तर अमायलॉइडची गाडी केव्हाच निघून गेलेली असेल.

लॅडोस्टिजिल हे संयुग या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. रिव्हास्टिग्मिन आणि पार्किन्सनवरचे रासाजिलिन यांचे गुण एकत्र करून ते घडवले होते आणि ते माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले. सौम्य स्मृतिदोष असलेल्या २१० जणांवरील तीन वर्षांच्या चाचणीत ते दिवसाला अवघे १० मिलिग्रॅम दिले गेले. ही मात्रा विकर अडवण्याच्या पातळीच्या खाली मुद्दाम ठेवलेली होती, कारण हेतू दाह आणि ऑक्सिडीकरण रोखण्याचा होता. म्हणजे दोन कामांसाठी घडवलेल्या रेणूचे एक काम झोपवूनच तो वापरला गेला. औषध सुरक्षित ठरले, पण अल्झायमरकडे होणारी वाटचाल त्याने लक्षणीयरीत्या लांबवली नाही. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले.

रेणूवेडा

वेळेचा मुद्दा माझ्याकडून निसटला होता. लॅडोस्टिजिलचे उदाहरण मी आजवर 'बहुलक्ष्यी रेणू माणसांपर्यंत गेला' म्हणून विद्यार्थ्यांना सांगत आलो, पण त्या मात्रेचा अर्थ असा लावला नव्हता.

यावरून वाटते की जोडी लावायचीच, तर एकाच वेळी आणि एकाच टप्प्यावर उपयोगी पडणाऱ्या लक्ष्यांची लावावी. फ्रान्समध्ये घडवलेले डोनेकोप्राइड असिटिलकोलिनएस्टरेज अडवते आणि सेरोटोनिनच्या ५-एचटी४ या ग्राहीला चालनाही देते. या ग्राहीला चालना मिळाली की असिटिलकोलीन अधिक स्रवते. म्हणजे दोन्ही कामे एकाच वाटेवरची आहेत, आणि दोन्ही परिणाम नॅनोमोलर पातळीवर मिळतात. ते रुग्णांत यशस्वी होईल असा माझा दावा नाही, पण निदान दोन्ही हात एकाच दोरीला ओढतात.

मुक्तछंद

सर्वांचे मनापासून आभार. बारा_गोळ्या, वडिलांच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवली. त्यात झोपेसाठी घेतली जाणारी एक जुनी ॲलर्जीरोधक गोळी निघाली आणि ती बंद झाली. मेमॅन्टिनचे आता द्रावण सुरू केले आहे आणि अभ्रा रोज तपासतो.

माझ्या मूळ प्रश्नाचा अर्धा भाग अजून उरला आहे. दोन औषधे एकाच गोळीत भरली, तर रेणू जोडण्याची गरजच काय?

बारा_गोळ्या

तसे औषध आहे. डोनेपेझिल आणि मेमॅन्टिन एकत्र असलेल्या कॅप्सूलला अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. ती उघडून आतले दाणे मऊ अन्नावर टाकता येतात, पण ती आधीपासून डोनेपेझिलवर स्थिरावलेल्या रुग्णांसाठीच आहे.

रेणूवेडा

आणि तिथेही दोन्ही रेणू स्वतंत्रच राहतात, म्हणून प्रत्येकाची मात्रा वेगळी ठरवता येते. एका रेणूच्या बाजूने खरा युक्तिवाद एकच उरतो : दोन औषधे शरीरात वेगवेगळ्या वेगाने शोषली आणि मोडली जातात, आणि मूत्रपिंड किंवा यकृत थकलेल्या वयस्कर रुग्णात ते दोन वेग सांभाळणे अवघड असते. एका रेणूचा वेग एकच असतो. मात्र तो पोटात गेल्यावर साखळीपाशी तुटला, तर तेवढाही लाभ उरत नाही.

मुक्तछंद

मग पुढच्या वेळी 'आशादायक बहुलक्ष्यी संयुग' अशी बातमी दिसली, तर माझ्यासारख्या वाचकाने आधी काय पाहावे?

प्रयोगवही

तक्त्यातले दोन आकडे एकाच एककात आहेत का ते पाहा, आणि मग विकर माणसाचे होते की विद्युत ईल माशाचे, ते पाहा. मासा फार वेळा सापडेल.

चष्मा_हरवला

आणि 'आशादायक' हा शब्द शीर्षकात आहे की फक्त शेवटच्या ओळीत, तेही.